अक्षराला वीस रुपये

बोटीवर जायच्या आदल्या संध्याकाळी मुलाने जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर पाच पाकिटं मांडली. प्रत्येकावर निळ्या शाईने लिहिलं होतं: पहिला दिवस, दुसरा दिवस, असं थेट पाचव्यापर्यंत. प्रत्येकात शंभराच्या दहा नोटा.

"आई, रोज एकच फोडायचं," तो म्हणाला. "उरले तर दुसऱ्या दिवशीच्या पाकिटात टाकायचे. म्हणजे तुझा गोंधळ होणार नाही."

गोंधळ! मी बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. शेवटची अकरा वर्षं हेड कॅशियर होते. दुर्गापूजेच्या आधीच्या आठवड्यात काउंटरपासून दारापर्यंत रांग लागायची आणि तरी संध्याकाळी माझी कॅश एका रुपयाने हलायची नाही. मी पाचही पाकिटं त्याच्यादेखत उघडली आणि नोटा मोजल्या. तिसऱ्या पाकिटात अकरा निघाल्या. जास्तीची नोट त्याच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "हा घे तुझा गोंधळ." सून स्वयंपाकघरात फिसकन हसली. तो हसला नाही.

ही पाकिटं आली कुठून ते सांगायला हवं. बावीस वर्षांपूर्वी आम्ही नागपूरहून कोलकात्याला आलो. नवऱ्याची बदली गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत झाली होती, मीही बँकेकडून बदली मागून घेतली. तीन वर्षांत परत जायचं ठरलं होतं. मग बेहालात घर घेतलं, मुलगा इथेच शिकला, इथेच आयटीत लागला, हावड्याच्या बंगाली मुलीशी त्याने लग्न केलं, आणि परत जायचं बोलणं आपोआप थांबलं. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला. मी, मुलगा आणि सून असे तिघं आहोत. मला माझं स्वतःचं पेन्शन आहे. ते कुणाच्या मागे आलेलं नाही, मी कमावलेलं आहे.

मागच्या वर्षी मला फोनवर फसवलं. भर दुपारी फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, पेन्शनची कागदपत्रं अपुरी आहेत, आज पूर्ण झाली नाहीत तर पुढच्या महिन्यापासून पेन्शन थांबेल. त्याने वापरलेला शब्द न् शब्द मी स्वतः काउंटरवरून लोकांना हजार वेळा ऐकवला होता. दुसरी एखादी बाई घाबरून फसली असती, मी ओळखीची भाषा ऐकून फसले. मोबाइलवर सहा आकडी ओटीपी आला, तो मी त्याला वाचून दाखवला. बेचाळीस हजार गेले.

दहा मिनिटांत मी मुलाला फोन करून सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. तो ऑफिस टाकून घरी आला, तक्रार केली, खातं थांबवलं. पैसे काही परत आले नाहीत. त्याच रात्री त्याने माझ्या खात्याला माझ्या मोबाइलऐवजी स्वतःचा नंबर जोडायचा फॉर्म भरला आणि मी त्यावर सही केली. बँकेचं ॲप माझ्या फोनवरून काढून टाकलं. "तात्पुरतं, आई," तो म्हणाला. तात्पुरत्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून दर एक तारखेला तो माझ्याच पेन्शनमधून घरखर्चाचं आणि हातखर्चाचं पाकीट आणून देतो. खात्यात काय आहे ते मी त्याला विचारायचं. तो चांगलं सांगतो, ओरडून नाही सांगत. पण विचारायचं मी.

क्रूझ मात्र त्या दोघांनी स्वतःच्या पैशाने काढून दिली होती. हुगळीतून वर जायचं, काल्ना, मग मटियारी, येताना चंदननगर, पाचव्या दिवशी परत कोलकाता. मी आणि माझ्या विहीणबाई, दोघी एका केबिनमध्ये. दोन्ही आयांना एका होडीत बसवलं की एका खर्चात दोन पुण्यं, असा त्यांचा हिशेब असावा. विहीणबाई हावड्यात दोन खोल्यांत एकट्या राहतात. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. आम्ही एकमेकींना दिदीच म्हणतो, कारण विहीण म्हटलं की मानपान आठवतो आणि तो आम्ही लग्नातच दोघींनी संगनमताने रद्द केला होता. त्यांचं हिंदी बंगाली वळणाचं, माझं बंगाली बँकेच्या काउंटरवर शिकलेलं. तेवढ्यात भागतं.

बोट छान होती, ते कबूल करते. खिडकीबाहेर हाताच्या अंतरावर पाणी, दोन्ही काठांवर घाट, विटांच्या भट्ट्या, कपडे धुणाऱ्या बायका. खिडकीकडचा पलंग त्या मला देत होत्या आणि मी त्यांना, त्यात अर्धा तास गेला. मानपान रद्द केला म्हणते खरी, पण तो असा कुठून तरी डोकं वर काढतोच.

पहिल्याच संध्याकाळी वरच्या डेकवर बसलो होतो. जेवण, नाश्ता, चहा पॅकेजमध्ये होतं. यंत्राची कॉफी वेगळी. बोटीवर रोख चालत नाही. जे घ्याल त्याच्या कागदावर सही करायची, आणि सगळं केबिनच्या बिलात जमा होतं. मी दोन कॉफी मागवल्या आणि सही केली. तीनशे साठ रुपये. कॉफी यायच्या ऐवजी पांढऱ्या शर्टातला मॅनेजर आला. तोंडभर हसून, अतिशय अदबीने म्हणाला, "मॅडम, एक मिनट. आपके केबिन का एक्स्ट्रा सर से कन्फर्म करना है। सर ने बोलके रखा है।"

आणि माझ्यासमोर उभं राहून त्याने माझ्या मुलाला फोन लावला. दोन कॉफी, सर. यस सर. थँक यू सर. मुलगा अर्थातच हो म्हणाला. तो काय माझ्या कॉफीला नाही म्हणणार आहे? पण त्याला विचारलं गेलं, हे माझ्या कानाशी घडलं. विहीणबाई नदीकडे बघत बसल्या, जणू समोरच्या काठावरचं झाड त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

बँकेत शंभर नोटांचं पाकीट बांधलं की त्यावर कागदाची पट्टी लावतात आणि त्या पट्टीवर मोजणाऱ्याची सही असते. माझ्या सहीची पाकिटं शहरभर फिरली. लोकांनी ती सही पाहून नोटा न मोजता खिशात घातल्या. आणि इथे तीनशे साठ रुपयांच्या कागदावर माझी सही पुरली नाही. ती कॉफी मी प्यायले, पण कशी लागली ते मला सांगता येणार नाही. राग आला होता आणि तो राग मुलावर होता, ह्याची लाजही वाटत नव्हती.

खोटं कशाला बोलू, ही पाकिटाची युक्ती त्याने माझ्याकडूनच उचलली होती. पाचवीत असताना त्याची शाळेची सहल दीघाला समुद्रावर गेली. मी त्याला पन्नास रुपये दिले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशाला आतून पिन लावून. सोबत छोटी वही, खर्च केलेला प्रत्येक रुपया लिहायला. तो तीन दिवसांनी आला तो पन्नासच्या पन्नास रुपये घेऊन. वही कोरी. मी ही गोष्ट इथल्या महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना सांगत फिरले. दहा वर्षांच्या पोराला किती समज आहे बघा. पण तो दहा वर्षांचा होता. मी बासष्टची आहे. दोन्हीला एकच पाकीट लावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डेकवर फुकटचा चहा घेत होतो. फुकटचा म्हणजे ज्याला फोन करावा लागत नाही तो. काल्ना अजून यायचं होतं. विहीणबाईंनी बिस्कीट चहात बुडवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दिदी, हम भी दिया था।"

"काय?"

"ओटीपी।"

वीजबिल थकलंय, रात्री नऊ वाजता लाइन कापणार, असा त्यांना फोन आला होता. एकतीस हजार गेले. दोन वर्षं झाली. मी विचारलं, मुलीला सांगितलं नाही? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळी ठरले.

"पागल हो? बोलने से आज हमारा भी लिफाफा बनता।" मग बिस्कीट संपवून शांतपणे म्हणाल्या, "आपका गलती रुपया देना नहीं था। बताना था।"

दोन वर्षं ही बाई पोटात गोष्ट ठेवून आहे, आणि तिची छोटी चेनची पर्स, तिचं खातं, तिचा मोबाइल, सगळं तिच्या हातात आहे. मी खरं बोलले आणि माझ्या हातात पाच पाकिटं. आधी मला त्यांचा हेवा वाटला. मग मात्र मला ते पटेना. का म्हणून लपवायचं? चोरी फोनवरच्या माणसाने केली. मी लपवून माझे पैसे वाचवायचे, म्हणजे मी घरात चोरासारखं राहायचं. मी त्यांना तसं तोडक्यामोडक्या बंगालीत सांगितलंही. मी सांगितलं ते बरोबरच केलं, पुन्हा झालं तर पुन्हा सांगेन. आणि पैसेही परत घेईन. त्या म्हणाल्या, "देखते हैं।" मास्तरणीचा आवाज होता तो. विद्यार्थ्याने आगाऊपणा केला की काढतात तसला.

काल्न्यात टोटोचं, म्हणजे इथल्या ई-रिक्षाचं भाडं, मिठाई आणि दोन नारळपाणी मिळून माझे दोनशे साठ रुपये गेले. संध्याकाळी मुलाचा फोन आला. "मजा येतेय ना, आई? आजचं पाकीट पुरलं?" मी म्हटलं, उरलं. त्याला बरं वाटलं. मला अजिबात वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी मटियारी. हे पितळेचं गाव. गल्लीत शिरलात की घराघरातून ठोकण्याचा आवाज. ओसरीवर पुरुष पितळेचे पत्रे ठोकत बसलेले, आत बायका भांड्यांना चकाकी आणत. आमच्या बोटीवरची माणसं मोबाइलवर फोटो काढत होती. मी थांबले ते एका दुकानात, भिंतीला उभ्या टेकवलेल्या परातीपाशी. मोठी, उंच काठाची, अंगाने जाड. दोन्ही हातांनी उचलावी लागली.

माझ्याकडे अशी एक परात होती. लग्नात मामाने दिलेली, रुखवतात मांडलेली. नागपूरहून निघताना ट्रकचं वजन वाढतं म्हणून नवऱ्याने पितळ मोडीत काढायला सांगितलं आणि मी मुकाट्याने दिलं. परात, दोन घागरी, एक बंब. त्या पैशात स्टीलचे डबे आले, वजनाला हलके आणि बदलीला सोयीचे. त्या परातीवर मामाचं नाव होतं. भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे पद्धतच आहे. माझ्या घरात अजून जी भांडी आहेत त्यांच्यावर सासऱ्यांचं नाव आहे, नवऱ्याचं आहे, कुणाकुणाच्या स्मरणार्थ आहे, एका वाटीवर तर मंडळाच्या माजी अध्यक्षांचं आहे. माझं नाव फक्त नोटांच्या पाकिटांवर असायचं, आणि ती पाकिटं माझी नव्हती.

"कोतो?" मी विचारलं.

दुकानदाराने परात काट्यावर टाकली आणि पाच हजार चारशे सांगितले. मी काटा रिकामा करून पुन्हा शून्यावर आणायला लावला, मग परत वजन करायला लावलं. दोनशे ग्रॅम कमी भरलं. तो चपापला. पुढचा पाऊण तास मी जे केलं ते करायला मला चौदा महिन्यांत कुणी दिलं नव्हतं. घासाघीस केली. उठून दाराबाहेर गेले. परत आले. त्याने किलोचा दर काय लावला, मजुरी काय लावली, सगळं वेगवेगळं वदवून घेतलं. विहीणबाई स्टुलावर बसून पंखा हलवत होत्या आणि त्यांना भलतीच मौज वाटत होती. शेवटी चार हजार सहाशे ऐंशीला सौदा झाला.

मी पाकिटं काढली. दुसऱ्यातले उरलेले, पहिलं अख्खं, तिसरं, चौथं, पाचवं. फर्र फर्र फाडली आणि सगळे पैसे त्याच्यासमोर ठेवले. चौथा आणि पाचवा दिवस अजून उजाडायचा होता. विहीणबाई म्हणाल्या, "दिदी, कल का भी?" मी म्हटलं, उद्याचं उद्या.

हातात साठ रुपये उरले.

दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा छोटी छिन्नी आणि हातोडी घेऊन बसला होता. भांड्यांवर नावं घालायचं काम त्याचं. मी दर विचारला. अक्षराला वीस रुपये. साठ रुपयांत तीन अक्षरं. माझं नाव नेमकं तीन अक्षरांचं आहे. त्याच्या पुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावायचं तर आणखी नऊ अक्षरं होती, आणि आधी 'श्रीमती' म्हटलं तर बारा. विहीणबाईंनी लगेच पर्सची चेन उघडली. "हम देता है, पूरा लिखाइए।"

"राहू दे," मी म्हटलं. "एवढंच पुरे."

म्हाताऱ्याला देवनागरी येत नव्हती. मी पाचव्या दिवसाच्या फाटक्या पाकिटाच्या मागे मोठ्या अक्षरात माझं नाव लिहून त्याच्यासमोर धरलं. तो ते बघून बघून एकेक ठिपका ठोकत गेला. अक्षरं जरा बंगाली वळणावर गेली, एकाची मान वाकडी झाली. पण वाचता येत होतं. मी ते दोनदा वाचलं आणि मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा राग आला. विहीणबाईंनी परातीची एक बाजू धरली आणि आम्ही दोघी ती बोटीपर्यंत घेऊन आलो.

संध्याकाळी फोन. "आई, आज किती उरले?"

"काहीच नाही."

"म्हणजे आजचे हजारही?"

"पाचही पाकिटं संपली. परात घेतली. पितळेची."

"पाच हजारांची परात? आई, आपण तिघं आहोत. कणीक मिक्सरच्या भांड्यात मळतो. कशाला हवी परात? आणि पुढचे दोन दिवस तू काय करणार?"

"काही नाही करणार. नदी बघणार. ती पॅकेजमध्ये आहे."

"मी चिडलो नाहीये," तो म्हणाला. चिडला होता. "पण म्हणूनच मी पाकिटं दिली होती ना. तू भरीस पडतेस. कुणी गोड बोललं की देऊन टाकतेस."

तिथे माझा तोल गेला. मी त्याला सांगितलं की दोनशे ग्रॅमची चोरी मी काट्यावर पकडली आणि सातशे वीस रुपये कमी करून घेतले, ह्याला भरीस पडणं म्हणत नाहीत. सांगितलं की त्याने पहिल्या नोकरीत मित्राच्या नादाने शेअरमध्ये दीड लाख घालवले होते, तेव्हा मी त्याचा पगार स्वतःकडे मागितला नव्हता आणि त्याला एक तारखेला पाकीट दिलं नव्हतं. सांगितलं की परत आले की सोमवारी मी बँकेत जाणार आणि माझ्या खात्याला माझा नंबर लावणार.

"आणि परत फसवलं कुणी तर?" त्याचा आवाज खरोखरच घाबरलेला होता.

"तर फसेन. माझ्या पैशाने फसेन. तुला दहा मिनिटांत फोन करेन, मागच्यासारखा."

आणि मी फोन ठेवला. बाजूला विहीणबाई केसांना तेल लावत बसल्या होत्या. त्यांना मराठी येत नाही, पण शेवटपर्यंत सगळं समजलं असावं, कारण त्यांनी तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "अब आप लगाइए।"

चंदननगरला टोटोचे पैसे त्यांनी दिले. वरमाय असून विहिणीच्या पैशाने फिरते आहे, असं मी म्हटलं आणि वरमाय म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडेही तेच आहे, फक्त मासे जास्त असतात. संध्याकाळी मी वरच्या डेकवर कॉफी मागवली नाही. विहीणबाईंनी मागवली, दोन, आणि मॅनेजर फोन काढायला लागला तशा त्याच्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, आमचा फोन कुणाला लावणार, बाबा? माझे वडील वारले. त्याने फोन खिशात ठेवला. कॉफी आली. ती मला छान लागली.

पाचव्या दिवशी सकाळी बोट कोलकात्याच्या जेट्टीला लागली. मुलगा न्यायला आला होता. आधी विहीणबाईंना त्याने हावड्याची टॅक्सी करून दिली. त्यांनी जाताना त्याच्या गालाला हात लावला आणि मला डोळा मारला. साठीच्या पुढच्या शिक्षिकेने डोळा मारलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग त्याने परात गाडीच्या मागच्या सीटवर ठेवायला उचलली आणि वजनाने वाकला. "बापरे," म्हणाला. त्याच्या बोटाला ठिपके लागले असावेत. त्याने परात उन्हाकडे तिरकी केली.

तो बराच वेळ बघत होता. अक्षरं वाकडी होती, एका अक्षराला त्याने बंगाली समजायचाही प्रयत्न केला. मग ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं. पहिलं. दुसरं. तिसरं.

"तुझं नाव आहे," तो म्हणाला.

"मग कुणाचं असणार?"

"नुसतं तुझं."

"तेवढेच पैसे होते."

बेहालाकडे जाताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा पुढे बघतच म्हणाला, "दीघाला शंख मिळत होते. तीस रुपयांना. वर आपलं नाव रंगवून द्यायचे. वर्गातल्या सगळ्यांनी घेतले. मला हवा होता. वहीत काय लिहू ते कळेना, म्हणून नाही घेतला."

बावीस वर्षांत त्याने हे मला कधी सांगितलं नव्हतं. मंडळात मी ती गोष्ट सांगायचे तेव्हा तो बाजूलाच उभा असायचा. मला काय वाटलं ते सरळ सांगते: मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण मी ते माफीच्या सुरात बोलले नाही, कारण तो सूर मला जमत नाही आणि त्याला तो नकोही असावा.

"घ्यायचा होतास," मी म्हटलं.

"तू रागावली असतीस."

"असते. तरी घ्यायचा होतास."

सिग्नल सुटला.

सोमवारी तो म्हणाला, मीही येतो. मी म्हटलं, ये, पण बाहेर बस. शाखेत दारापाशी खुर्च्यांची ओळ आहे, तिथे तो बसला. मी काउंटरवर गेले. ह्याच काचेच्या मागे मी बसायचे, फक्त तेव्हा काच नव्हती, जाळी होती. समोरच्या मुलीने माझा फॉर्म तपासला, सही पडताळली. ती माझ्या सहीकडे बघून म्हणाली, "आंटी, ये साइन तो बहुत पुरानी फाइलों में देखी है।" मी म्हटलं, असेल.

मग तिने काहीतरी टाइप केलं आणि वर पाहिलं. "पुराने नंबर पे ओटीपी गया है। वो बताना पड़ेगा।"

जुना नंबर माझ्या मुलाचा. मागे वळून पाहिलं तर त्याचा फोन हातात वाजलाच होता. तो स्क्रीनकडे बघत होता. मी खूण केली तसा उठून काउंटरपाशी आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

"सांग," मी म्हटलं.

त्याने फोन छातीशी धरला होता. चौदा महिने तो मला एकच वाक्य सांगत होता. कुणीही असो, आई, कितीही ओळखीचा वाटो, हे आकडे सांगायचे नाहीत. ते वाक्य आत्ता त्याच्या तोंडाशी आलेलं मला दिसत होतं. काउंटरवरची मुलगी थांबली होती. मागची रांग थांबली होती. मी काही समजावलं नाही, विनंती केली नाही.

"मी विचारतेय," मी म्हटलं. "सांग."

त्याने फोन सरळ केला आणि वाचायला लागला. परातीवरचं माझं नाव वाचलं तसंच, हळूहळू, ओठ हलवत, एकेक करून. सहाही आकडे त्याने मला सांगितले.